क्लचची इंचभर मोकळीक

(टिटवाळा येथील बैठकीतले भाषण)



कापूस-ज्वारीच्या मुलखातून जीपगाड्या घेऊन आपण कसारा घाट उतरून टिटवाळ्याला आलो. उद्या तोच घाट भरल्या गाडीनं चढायचाय. म्हणून आम्ही आज क्लचविषयी बोलतो.

क्लचप्लेट नुसत्या घर्षणावर इंजिनाची ताकद चाकाकडे नेते. पायडल दाबलं की ती सुटते, सोडलं की स्प्रिंगच्या जोरानं आवळली जाते. प्लेट झिजते तशी पायडलची मोकळी चाल कमी होते. चाल संपली की पाय काढला तरी क्लच थोडा दबलेलाच राहतो. प्लेट घसरते, तापते, जळते. इंजिन ओरडतं आणि गाडी वेग घेत नाही, ही त्याची खूण. चाल फार वाढली तर गिअर खरखरतो.

जुन्या ट्रॅक्टर-जीपला ही चाल साधारण इंचभर लागते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहावा. इंजिन बंद करून पायडल हातानं दाबा, जड लागेपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजा. फरक असेल तर दांड्याचा लॉकनट ढिला करा, दांडा फिरवून चाल बसवा, नट आवळा. हायड्रॉलिक क्लच असेल तर आधी त्याचं तेल पाहा.

चालवताना पायडलवर पाय ठेवू नका. चढावर गाडी अर्ध्या क्लचवर तोलू नका, ब्रेक लावा. उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवा.

प्लेट बदलायला ट्रॅक्टर मधोमध सोडवावा लागतो. तोवर कोरडवाहू रानाचा वाफसा थांबत नाही. म्हणून आम्ही सांगतो, मृगाआधी पट्टी आणि पाना हातात घ्या. पेरणी त्यावर अवलंबून आहे.