मिरजेहून निघालेला गवई आणि त्याचे सोबती

इ. स. १८९६ मध्ये चोवीस वर्षांचा एक गवई मिरज संस्थान सोडून बाहेर पडला. बरोबर थोडे सोबती होते, गळ्यात ग्वाल्हेरची गायकी होती, आणि पुढच्या मुक्कामी कोण उतरून घेईल याची मात्र शाश्वती नव्हती. हा गवई म्हणजे विष्णु दिगंबर पलुसकर. लाहोरच्या आणि मुंबईच्या गांधर्व महाविद्यालयांची हकिकत बहुतेकांना ठाऊक असते. परंतु मिरज ते लाहोर हा जो पाच वर्षांचा प्रवास, तो पुष्कळदा दोन वाक्यांत उरकला जातो. वास्तविक पुढे जे घडले त्याचे बीज या प्रवासातच पडले होते.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. मुलाने शिकावे आणि मानाची नोकरी धरावी, असा त्या काळच्या कोणत्याही ब्राह्मण घरातला मनसुबा येथेही असणारच. पण दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्याच्या दारूने मुलाचे डोळे भाजले. उपचारासाठी त्याला मिरजेस आणले. दृष्टी अधू झाली, पुस्तकी विद्या खुंटली, आणि डॉक्टर भडभडे यांच्या सल्ल्याने मुलगा गाण्याकडे वळला. मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांनी त्याला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या स्वाधीन केले. गुरू मोठा लाभला. बाळकृष्णबुवांनी स्वतः लहानपणीच घर सोडले होते. धारेस देवजीबुवांकडे आणि पुढे ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशांकडे राहून त्यांनी विद्या मिळविली होती. ग्वाल्हेरचा ख्याल महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय मुख्यतः त्यांचे. त्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे मेहनत केल्यावर शिष्याला मिरजेत काही कमी नव्हते. राजाची मर्जी होती, दोन वेळची ददात नव्हती.

मग मिरज का सोडली? सांगतात ते असे: गावात एक सार्वजनिक समारंभ व्हावयाचा होता. प्रतिष्ठित मंडळींस निमंत्रणे गेली. राजाच्या मर्जीतला म्हणून विष्णु दिगंबरांनाही निमंत्रण आले. बाळकृष्णबुवांना मात्र आले नाही. शिष्याने चौकशी केली तेव्हा, ते काय, एक गवई आहेत, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. हे उत्तर त्यांच्या जिव्हारी लागले. ज्याच्यापुढे माना डोलवायच्या त्याला पंगतीला बोलवायचे नाही, हा न्याय त्या काळी कोणालाच खटकत नव्हता, आणि तो मिरजेपुरताही नव्हता. गवयाला अन्न, वस्त्र, शालजोडी सारे मिळे. केवळ मान तेवढा मिळत नसे.

निघायला काळ मोठा वाईट निवडला गेला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगने डोके वर काढले. पुढच्या वर्षी तर साथीचा कायदाच आला आणि रेल्वेच्या फलाटांवर उतारूंची तपासणी होऊ लागली. त्यातच १८९६-९७ चा दुष्काळ. अशा दिवसांत परगावचा माणूस दारात आला म्हणजे त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते, हे वेगळे सांगावयास नको. आणि परगावच्या या मंडळींजवळ भला मोठा तंबोरा!

तंबोऱ्याविषयी येथे थोडे बोलले पाहिजे, कारण गवयाच्या प्रवासात खरा नाजूक उतारू तोच. मिरज तर तंबोऱ्यांचे माहेरघर. तरवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तेथे तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला. हत्यारांची मागणी ओसरली आणि पोलाद ओळखणारे हात लाकडाकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा मोठा, सुकविलेला भोपळा आणि त्यावर पोकळ दांडी असे हे वाद्य. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण हा भोपळा म्हणजे शेवटी भोपळाच. बैलगाडीचा एक हिसका, हमालाचा एक निष्काळजी हात, की त्याला तडा गेलाच. म्हणून तो गोधडीत गुंडाळावयाचा, तारा सैल करावयाच्या, गाडीत स्वतः अंग चोरून बसावे पण त्याला मोकळी जागा द्यावी. मुक्कामी पोहोचल्यावर हवापाण्याप्रमाणे पुन्हा सारे जुळवावयाचे. तारेखाली घोडीवर सुताचा दोरा सरकवून जव्हारी बोलती करावयाची. दमट हवेतून कोरड्या हवेत आलेला तंबोरा तासन्‌तास रुसून बसतो. हे काम एकट्याचे नव्हे.

आणि येथेच सोबत्यांचा प्रश्न येतो. कवी एकटा हिंडू शकतो. गवयाला ते शक्य नाही. मागे तंबोरा धरून बसणारे हवेत, साथीला तबला हवा, दम घेताना सूर भरून काढणारा गळा हवा. राजाश्रयात ही सारी माणसे दरबारच्या पगारावर असत. राजाश्रय सोडला की त्यांच्या जेवणाची चिंता गवयाच्या माथी येते. आणि बैठक मिळाली नाही तर उपाशी राहण्याची तयारी त्यांच्याही अंगी असावी लागते. विष्णु दिगंबरांचा स्वाभिमान त्यांचा स्वतःचा होता, त्यात शंका नाही. पण त्याची किंमत या सोबत्यांनीही चुकविली. अपमान गुरूचा, निश्चय शिष्याचा, आणि तंगी सर्वांची. असे असूनही त्या सोबत्यांची नावे लोकांच्या तोंडी राहिली नाहीत. हे काही बरे झाले नाही.

औंध, सातारा करीत मंडळी बडोद्यास आली. बडोदे हे गायकवाडांचे, म्हणजे दक्षिणी माणसाला परके नव्हे. सयाजीरावांच्या राज्यात संगीताची शाळा १८८६ पासून चालू होती. ती चालविणारे मौलाबक्ष १८९६ मध्येच निवर्तले होते. तरीही अनोळखी गवयाने सरळ राजवाड्यात कसे शिरावे? वशिला लागतो, चिठ्ठी लागते, कारभाऱ्याच्या ओसरीवर दिवस काढावे लागतात. विष्णु दिगंबर राममंदिरात गात राहिले. कीर्तनकाराचाच मुलगा तो. देवळात गाणे त्याला नवे नव्हते, आणि देवळात श्रोत्याला कोणी अडवीत नाही. गावात बोलबाला झाला. तो राजमाता जमनाबाईंच्या कानी गेला, आणि मग राजवाड्यातून बोलावणे आले. आधी लोकांनी ऐकले, मागाहून राजाघरी ऐकले गेले, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

पुढे मंडळी काठेवाडात उतरली. तेथे लहानमोठी संस्थाने अनेक. गवयाने एकेका दरबारी हजेरी लावीत जावे आणि बिदागी घेऊन पुढे सरकावे, हाच रिवाज. पण राजकोटास विष्णु दिगंबरांनी निराळेच केले. १८९७ साली त्यांनी तेथे आपल्या गाण्याचा जाहीर कार्यक्रम लावला आणि त्याला तिकीट ठेवले. तिकीट माफकच होते. जो पैसे देईल त्याने यावे आणि बसून ऐकावे.

आज यात नवल वाटत नाही. तिकीट हा प्रकार मराठी माणसाला त्या वेळीही अगदी नवा नव्हता. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले तेव्हापासून लोक पदरचे पैसे खर्चून गाणे ऐकतच होते. पण ते नाटकातले गाणे. तेथे कथा होती, पोशाख होते, पडदे होते. नुसता एक माणूस तंबोऱ्याशी बसून राग मांडणार आणि त्यासाठी दारावर पैसे द्यावयाचे, ही गोष्ट वेगळी. दरबारी गवयांना ती हलकी वाटली असल्यास नवल नाही. सरदाराने फेकलेली मोहोर उचलण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. चार आण्यांचा हिशेब मात्र बाजारी वाटे. विचार करून पाहता उलटेच खरे आहे. बिदागी देणाऱ्याच्या लहरीवर असते. तो खूष झाला तर शेला, आणि जांभई आली तर निरोप. तिकिटाचा आकडा आधी ठरतो, तो गाणाराच ठरवितो, आणि देणाराही कोणावर उपकार केल्याच्या तोऱ्यात बसत नाही.

राजकोटच का, याचाही विचार करण्यासारखा आहे. काठेवाडच्या इंग्रज एजन्सीचे ते ठाणे. तेथे कचेऱ्या होत्या, वकील होते, शिक्षक होते, १८७० पासून राजकुमार कॉलेज होते. दरबारात ज्याला बसावयास जागा नाही, पण महिन्याच्या पगारातून दोनचार आणे ज्याला काढता येतात, असा नवा श्रोता अशाच गावी सापडावा. त्याने ख्याल पूर्वी ऐकला असेल तर एखाद्या हवेलीच्या भिंतीपलीकडून. आता तो समोर बसू लागला. ध्वनिवर्धक तर नव्हताच. शेवटच्या रांगेतल्या माणसाने तिकीट काढले आहे तर आवाज त्याच्यापर्यंत गेलाच पाहिजे, ही जबाबदारी सर्वस्वी गळ्याची. ध्वनिमुद्रिकांचा काळही अजून लांब होता. हिंदुस्थानात पहिली ध्वनिमुद्रणे झाली ती १९०२ साली. ज्याला गाणे ऐकावयाचे त्याने गाणाऱ्यासमोर येऊनच बसले पाहिजे.

तिकिटाने गवयावरही बंधने आणली. दरबारात मैफल सरकारांच्या येण्यावर सुरू व्हावयाची. येथे जाहीर केलेली वेळ पाळणे आले. पुढे विष्णु दिगंबर वक्तशीरपणाबद्दल प्रसिद्ध झाले ते उगाच नव्हे. समोरचा समाज मिश्र, तेव्हा एकाच रागाने रात्र काढून भागत नाही. भजनही गावे लागते. काही जाणकारांनी याला नाके मुरडली. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. पुष्कळांसाठी गाताना काही बारकावे हातचे सुटतात. पण जाणकार मूठभरच असावेत असा आग्रह धरणाऱ्यांना हे कोणी सांगावे की नवे जाणकार ऐकल्यावाचून तयार होत नाहीत?

काठेवाडातच गिरनारवर एका साधूने त्यांना उत्तरेकडे जा असे सांगितले, अशी आख्यायिका आहे. साधूने सांगितले असो वा नसो, पाय उत्तरेकडे वळले खरे. ग्वाल्हेर लागले. गुरूच्या गुरूंनी जेथे विद्या घेतली ते हे गाव. तेथील गायकी दक्षिणेत जाऊन मिरजेच्या गळ्यातून परत आली, ती ऐकताना ग्वाल्हेरच्या जुन्या मंडळींना काय वाटले असेल! शिंद्यांचे राज्य म्हणून येथवर मराठी बोलून निभावले. मथुरेपासून पुढे मात्र ते चालेना. जन्मभर ज्या चिजा गायिल्या त्या व्रजभाषेतल्या, आणि त्यांचा अर्थ विचारणारा श्रोता आता समोर बसणार. विष्णु दिगंबर मथुरेस थांबले आणि व्रजभाषा शिकले. नाव झालेला गवई पुन्हा विद्यार्थी होऊन बसला, ही गोष्ट साधी नव्हे.

पंजाबात हिंडून अखेर ते लाहोरास पोहोचले. तेथे ५ मे १९०१ रोजी त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडले. ते राजाच्या देणगीवर न चालविता लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर चालवावे, हा बेत राजकोटच्या तिकिटाशी सुसंगतच होता. प्रारंभीचे काही दिवस एकही विद्यार्थी फिरकला नाही असे सांगतात. ठरल्या वेळी ते वर्ग उघडीत, तंबोरा जुळवीत आणि तास संपेपर्यंत एकटेच गात बसत.

प्रवास मात्र थांबला नाही. १९०८ साली मुंबईस शाखा निघाली, पुढे मोठी इमारत उठली, तिचे कर्ज झाले, आणि ते फेडण्यासाठी पुन्हा गावोगाव जलसे. इमारत शेवटी कर्जापायी हातची गेली. पण आता प्रवासात सोबती म्हणून असत ते शिष्य. उपदेशक वर्गाच्या मुलांशी नऊ वर्षांचा करार असे; त्यांना राहणे, जेवण, विद्या विनामूल्य, आणि गुरूबरोबर जलशांना जाणे हाही शिक्षणाचाच भाग. गुरूच्या मागे तंबोरा धरून बसणाऱ्या या मुलांतूनच विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर, बा. र. देवधर ही मंडळी तयार झाली. या सोबत्यांची नावे राहिली. आणि देवधरांनी तर गुरूचे चरित्रही लिहून ठेवले.