वजन उचलायचंय, पण शिकवणार कोण?

आदरणीय गुरुजन आणि १९८४च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

सकाळपासून ऐकतेय, आपल्या गप्पांत गुडघे, साखर आणि बीपी असे तीन नवे विद्यार्थी दाखल झालेत. म्हणून आठवणी तुमच्यावर सोपवून मी एक कामाची गोष्ट सांगते.

माझ्या आईला शेवटची दोन वर्षं आधाराशिवाय खुर्चीतून उठता येत नव्हतं. मोठा आजार नव्हता, मांड्यांत ताकदच उरली नव्हती. वयाबरोबर स्नायू झिजतात आणि नुसत्या चालण्याने ते भरून येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करा, असं सांगते. आता काय उपयोग, असंही म्हणू नका. बोस्टनच्या संशोधकांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांना आठ आठवडे वजनं उचलायला लावली होती. १९९० साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक झाली!

पण शिकवणारा चांगला हवा. घट्ट टी-शर्ट आणि फुगलेले दंड एवढ्यावर कुणीही ट्रेनर म्हणवून घेतो. मी पाच जणांना भेटले. दंड पाहिले नाहीत, प्रश्न विचारले. प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचं? एसीई, एसीएसएम, एनएससीए अशा संस्थांचं असेल तर ते खरं आहे की नाही, तपासता येतं. सीपीआर येतं का? आमच्या वयाच्या किती जणांना शिकवलंत?

मग ते मला काय विचारतात, ते पाहिलं. चौघांनी विचारलं, "मॅडम, किती किलो कमी करायचंय?" एकाने तर प्रोटीन पावडरचा डबाच पुढे केला. पाचवीने बीपी, औषधं, जुनी ऑपरेशनं विचारली, वहीत लिहून घेतली आणि वजनाला हात लावू देण्याआधी मला दहा वेळा खुर्चीतून उठबस करायला लावली. तिलाच ठरवलं.

राहिला पैशाचा प्रश्न. पेन्शनमध्ये एकटीला ते झेपणारं नव्हतं. सोसायटीतल्या आम्ही तिघी एकत्र आलो आणि फीचे तीन वाटे केले. वर्षाचं पॅकेज घेतलं नाही. तीन महिने, आठवड्यातून दोनदा, एवढंच ठरवलं. तेवढ्यात पाठ कशी ठेवायची, श्वास कधी सोडायचा, वजन केव्हा वाढवायचं हे अंगवळणी पडलं. आता आमचं आम्ही करतो. ती महिन्यातून एकदा येऊन चुका काढते, पूर्वी आपल्या वह्या तपासल्या जायच्या तशी.

डॉक्टरांना विचारून सुरुवात करा, पण कराच. एका गावात राहणाऱ्या तिघाचौघांनी आज जेवणाच्या पंगतीतच आपला गट ठरवून टाका. पुढच्या मेळाव्यात सतरंजीवर बसू आणि हात न टेकता उठू.

सर, बाई, तुम्हीसुद्धा!