घरकामाचे मोल आणि कोर्टाची पायरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मी वकिलीत अजून उमेदवारच आहे. सनद हाती आली, तरी ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम शिकते. आमच्याकडे मुख्यतः मोटार अपघातांच्या नुकसानभरपाईचे दावे असतात.

सिनेमात दिसते तशी ही वकिली नसते. सकाळी बोर्डावर आपला दावा कितवा आहे ते पाहावयाचे, साहेब दुसऱ्या कोर्टात गुंतले असतील तर तारीख मागावयाची, पोलिसांची फिर्याद, पंचनामा, विम्याची पॉलिसी यांच्या नकला मिळवावयाच्या, आणि सायंकाळी पक्षकारांशी बोलून शपथपत्राचा मसुदा करावयाचा. यांतले शेवटचे काम सर्वांत नाजूक. त्याविषयीच मला बोलावयाचे आहे.

अपघातात घरची गृहिणी गेली असेल, तर तिच्या माणसांना विचारावे लागते, “बाई काय करीत होत्या?” उत्तर बहुधा ठरलेले असते: “काही नाही, घरीच असायची.” सांगणाऱ्याच्या मनात अनादर नसतो. परंतु हेच शब्द कागदावर उतरले, तर विमा कंपनीचे वकील उलटतपासणीत त्यांचाच आधार घेतात. म्हणून मी पुन्हा विचारते: पहाटे कोण उठे? सासूबाईंचे औषधपाणी कोण पाही? मुलांचा अभ्यास कोण घेई? आता ही कामे कोण करते आणि त्याला काय द्यावे लागते? हळूहळू पान भरते.

या पानाला कायद्यात किंमत आहे. जमशेदपूर येथे 1989 साली लागलेल्या आगीत बळी पडलेल्या गृहिणींच्या सेवेचे मोल सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली लता वाधवा खटल्यात महिना 3,000 रुपये धरले. पुढे 2021 साली कीर्ती खटल्यात न्यायालयाने सांगितले की, गृहिणीचे उत्पन्न मानून त्यात भविष्यातील वाढही धरावी. त्या निकालात 2019 च्या सरकारी पाहणीचा दाखला आहे: घरच्या बिनमोल कामात स्त्रीचे दिवसाला सरासरी 299 मिनिटे जातात, पुरुषाची 97.

आता हिशेब पाहा. समजा, 34 वर्षांची गृहिणी वारली; मागे पती व दोन मुले. तिच्या कामाचे मोल महिना 5,000 धरले, त्यात वाढीचे 40 टक्के मिळविले, तिच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा केला आणि वर्षाच्या रकमेला तिच्या वयासाठी ठरलेल्या 16 ने गुणले, तर 8,96,000 रुपये होतात. मोल 10,000 धरले, तर 17,92,000! दोन मुलांचे शिक्षण या फरकात आहे, आणि तो फरक बहुतांशी पुराव्यावर ठरतो.

बाई जखमी होऊन वाचली, तरी हेच लागू. डॉक्टरांच्या दाखल्यावर अपंगत्वाचे टक्के असतात. पण तिला आता कळशी उचलता येत नाही, मांडी घालून पोळ्या लाटता येत नाहीत, हे तिनेच सांगावे लागते. आपल्या बायका तेवढे सांगायलाही संकोचतात.

भगिनींनो, म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दवाखान्याची कागदपत्रे आणि औषधांची एकूण एक पावती जपावी. कोऱ्या कागदावर सही करू नये. अर्जाला कायद्याने सहा महिन्यांची मुदत आहे. तिच्याविषयी सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला आहे, तरी आपण मुदतीच्या आतच जावे. वकिलाच्या खर्चाची धास्ती वाटत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. 1987 च्या कायद्याने स्त्रीला तेथे मोफत साहाय्य मिळते, मग तिचे उत्पन्न कितीही असो.

1923 च्या कायद्याने आम्हां स्त्रियांना वकिलीचे दार उघडले. त्या दारातून आत आलेल्या माझ्यासारखीला एवढेच मागणे आहे: आपल्या कामाचा हिशेब आधी आपण मांडावयास शिकू या. आपण मांडला, तर न्यायाधीश तो वाचतील.