खाडीचे तुकडे किती दिवसांचे?



"तू नक्की करतोस काय?" हे सकाळपासून दहा जणांनी विचारलं. खाडीच्या पाण्याची पातळी दर तासाला मोजलेली असते. त्या आकड्यांत कोणती लय किती जोराची, ते मी शोधतो. आणि त्यात सगळं अडतं ते एकाच प्रश्नावर: आकडे किती दिवसांच्या तुकड्यांत कापायचे?

आपल्याला पाऊणकी पाठ करायला लावली होती, आठवतं? कोळी बांधव तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. चंद्राची भरती दर 12 तास 25 मिनिटांनी, सूर्याची बरोबर 12 तासांनी. दोन्ही जुळल्या की अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, एकमेकींना छेदल्या की भांग. उधाण ते उधाण पावणेपंधरा दिवस. म्हणजे आठवड्याचा तुकडा घेतला, तर चंद्र-सूर्य वेगळे दिसणारच नाहीत. किमान 15 दिवस हवेत.

पण कुठेही कापलं की तुकड्याची दोन टोकं जुळत नाहीत. गणिताला तो झटका वाटतो आणि चंद्राच्या मोठ्या शिखराचा जोर आजूबाजूला सांडतो. म्हणून दोन्ही टोकं हळूहळू शून्यावर आणायची, हीच विंडो. हान या ऑस्ट्रियन हवामानशास्त्रज्ञाच्या नावाची मी वापरतो. तिने सांडणं थांबतं, पण शिखर दुप्पट रुंद होतं. मग 15 चे 30 दिवस करावेच लागतात.

एवढा खटाटोप एका बारक्या शिखरासाठी. उथळ खाडीत भरती झपाट्याने चढते, ओहोटी रेंगाळते. त्यातून 6 तास 13 मिनिटांची लय उमटते. गाळ साचला, भराव पडला की ती बदलते. दुर्गाडीपासून मोठागावपर्यंत काठावर राहणाऱ्यांना ती कळायला हवी, आणि सांडलेल्या जोराखाली नेमकी तीच दबते.

आता ओव्हरलॅप. वर्षाचे 30 दिवसांचे तुकडे 12. टोकांकडचे आकडे विंडोने वाया जातात, म्हणून पुढचा तुकडा निम्मा मागच्यावर चढवायचा. 23 होतात, सरासरी स्थिर होते. तीन चतुर्थांश चढवले तर 45! पण ते तेच पाणी पुन्हा मोजणं. 45 स्वतंत्र नोंदींचा भरवसा त्यात नसतो. अहवालात तुकड्यांचा आकडा मोठा दिसला की मी आधी ओव्हरलॅप विचारतो.

पावसाळ्याचे तुकडे मात्र मी वेगळेच ठेवतो. उल्हासला पूर आला की खाडीची लयच बदलते. ते उन्हाळ्याच्या सरासरीत मिसळले, तर दोन्ही ऋतू हातचे जातात.