शेकाचे दिवस आणि गळ्याची कातडी



मी डॉक्टर नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. शब्दांशी रोजचा संबंध, म्हणून एका शब्दापासूनच सुरुवात करतो. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर किरणोपचार चालू असले, की घरचे लोक सांगतात, ‘त्यांना शेक चालू आहे.’ कोणी ‘लाईट देतात’ म्हणतो, कोणी ‘करंट’. शब्द सोपे आहेत, पण फसवे आहेत. शेक म्हटला की विस्तव आठवतो, करंट म्हटला की झटका. मग चौथ्या-पाचव्या आठवड्यात गळ्याची कातडी काळवंडली, सोलवटली, की घरात एकच वाक्य उमटते, ‘डॉक्टरांनी जाळले!’ आणि काही माणसे उपचार अर्ध्यावर सोडतात. ही भीती थोडी कमी व्हावी, एवढ्यासाठी आजचे हे बोलणे.

किरण घेताना ऊब लागत नाही की चटका बसत नाही. चेहरा आणि मान हलू नये म्हणून जाळीचा मुखवटा बसवतात, काही मिनिटांत काम संपते. आठवड्यातून पाच दिवस, असे साधारण सहा ते सात आठवडे. पहिले दोन आठवडे कातडीवर फारसे काही दिसतच नाही. याचे कारण कातडीच्या घडणीत आहे. आपली वरची कातडी सतत झडत असते आणि खालच्या थरातून नवी तयार होत असते. किरणांचा मार बसतो तो या नव्या घडणाऱ्या पेशींना. वरची झडत राहते, खालून भरपाई कमी पडते, आणि मग नुकसान उघडे पडते.

ही उशिरा दिसणारी खूण विज्ञानाला फार आधी कळली. १९०१ साली बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने रेडियमची नळी कोटाच्या आतल्या जाकिटाच्या खिशात बाळगली होती. त्या वेळी काही जाणवले नाही. पुढे काही दिवसांनी त्याच जागी कातडी भाजल्यासारखी झाली. पुढे कितीतरी वर्षे किरणांची मात्रा मोजायला यंत्र नव्हते, तेव्हा कातडी किती लाल होते यावरून डॉक्टर अंदाज बांधत. आजच्या यंत्रांचा मुख्य मारा कातडीच्या खाली होतो. पण मानेतल्या गाठी वरवर असतात, मानेला घड्या असतात आणि मुखवटाही कातडीला चिकटून असतो. म्हणून गळ्याची कातडी पूर्णपणे वाचत नाही.

पुस्तकांत लिहिलेले असते, ‘त्वचा लाल होते.’ आपल्या सावळ्या कातडीवर लाली लालीसारखी दिसत नाही. ती काळपट, तपकिरी दिसते. म्हणून रंगावर विसंबू नये. कोरडेपणा, खाज, हुळहुळणे, हाताला लागणारी ऊब, हीच सुरुवातीची खूण समजावी. पुढे कातडी सुटते आणि मानेच्या घडीत ओली जखमही होऊ शकते. हा त्रास उपचाराच्या अखेरीस आणि नंतरचा एक-दोन आठवडे सर्वांत जास्त असतो. मग बहुतेकांची कातडी महिन्याभरात भरून येते. शेक संपल्यावरही त्रास वाढला म्हणून घाबरून जाऊ नये, ते या दुखण्याचे वेळापत्रकच आहे.

काळजी साधीच आहे. कोमट पाणी, सौम्य साबण, हलक्या हाताने धुणे आणि मऊ सुती कापडाने टिपणे. चोळणे नाही, खाजवणे नाही. वस्तऱ्याने दाढी नको. अत्तर, आफ्टरशेव्ह, बाम नको. बर्फ नको, गरम पाण्याची पिशवी नको. वजू करणाऱ्यांनीही चेहरा चोळू नये. डॉक्टरांनी पाणी वर्ज्य केले असेल तर तयम्मुमची सवलत धर्मानेच दिलेली आहे. आमच्याकडे उत्तनचे मच्छीमार आहेत, भाईंदरच्या मिठागरांत राबणारी माणसे आहेत. त्यांनी उन्हापासून मान झाकली पाहिजे, पण टोचणाऱ्या कापडाने नव्हे. तंबाखू आणि मिश्री तर बंदच. आणि ताप, पू, दुर्गंधी, रक्त येणे किंवा श्वास अडणे दिसले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

आमच्या इमारतीत एक शिंपीकाम केलेले चाचा आहेत. मीरा रोडहून लोकलने दादर आणि तिथून परळचे टाटा रुग्णालय, अशी त्यांची रोजची फेरी होती. गर्दीत कोणाच्या बॅगेचा पट्टा मानेला घासे, कोणाचे कोपर लागे. त्यांनी आपल्या सगळ्या सदऱ्यांच्या कॉलर स्वतःच उसवून टाकल्या. पाचव्या आठवड्यात मात्र ते म्हणाले, “भाई, आता बस्स. मान भरून येऊ दे, मग बघू.” त्यांच्या सुनेने ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घातली. मलम बदलले, वेदनेवर गोळी मिळाली आणि चाचांनी उरलेले दिवस पुरे केले. हे महत्त्वाचे आहे, कारण या कर्करोगात उपचार लांबला, की उरलेल्या पेशींना वाढायला सवड मिळते. त्रास सांगावा, पण खाडा आपल्या मनाने करू नये.

आता हळदीबद्दल. मंगळूरच्या फादर मुलर वैद्यकीय महाविद्यालयात अशाच ५० रुग्णांवर हळद-चंदनाच्या तयार मलमाचा अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. मलम लावणाऱ्यांना त्रास कमी झालेला आढळला. पण तो अभ्यास छोटा होता, आणि ते मलम म्हणजे पाट्यावर वाटलेली हळद नव्हे. सोललेल्या कातडीवर घरचा लेप लावू नये. काही लावायचे असेल तर आधी विचारावे.

जखम भरली तरी ती कातडी पूर्वीची राहत नाही. महिन्यांनी, वर्षांनी ती पातळ होते, रंग बदलतो, बारीक शिरा दिसतात, खालचा भाग कडक होऊन मान आखडते, हनुवटीखाली सूज येते. शिकवलेले व्यायाम सोडू नयेत. दात काढायचा झाल्यास, कितीही वर्षांनी का असेना, दंतवैद्याला किरणोपचाराची माहिती आधी द्यावी. कारण जबड्याचे हाड लवकर भरत नाही. न भरणारी जखम किंवा नवी गाठ दिसली तर लगेच दाखवावी.

शेवटची गोष्ट कातडीची आणि माणसांचीही आहे. काही घरांत अशा रुग्णाचा पेला वेगळा ठेवतात, नातवंडांना जवळ जाऊ देत नाहीत. बाहेरून यंत्राने दिलेले किरण रुग्णाच्या अंगात राहत नाहीत आणि कर्करोग स्पर्शाने लागत नाही. जखमेला हात लावू नका, पण त्यांचा हात जरूर हातात घ्या. नातवंडाला मांडीवर बसू द्या. सोसणाऱ्या माणसाला औषधाइतकीच याचीही गरज असते.