स्वमग्न मुले आणि त्यांचे शिक्षक

दिल्लीच्या मेरी बरुआ यांचा मुलगा स्वमग्न. त्याच्यासारख्या मुलांसाठी त्यांनी १९९१ मध्ये 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था उभी केली.

विशेष शिक्षक अशा मुलांचे वेळापत्रक बहुधा चित्रांत मांडतात: आधी हात धुणे, मग डबा, मग खेळ. पुढे काय होणार हे समोर दिसले की मुलाची घालमेल कमी होते. शर्ट घालण्यासारखे कामही छोट्या टप्प्यांत शिकवतात. घरीही तीच पद्धत चालावी, म्हणून आईवडिलांनाही सोबत बसवून शिकवतात.

पालकहो, केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत अशा मुलांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. थेरपीचा खर्चही त्यात येतो. दिव्यांग प्रमाणपत्र काढा आणि अर्ज जरूर करा.