निऑनचा थवा

मासे आणायला गेलो की आपण सवयीने सांगतो, ‘दोन जोड्या द्या.’ निऑन टेट्राला हा जोडीचा हिशेब लागू पडत नाही. जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटरचा हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, अ‍ॅमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातला. शास्त्रात त्याची नोंद झाली १९३६ साली. तिथे तो थव्याने राहतो. एकसारखी पन्नास अंगे एकदम वळली की नेमके कुणाला धरावे, हे शिकारी माशाला उमगत नाही. एकट्यादुकट्याला हे संरक्षण नसते. म्हणून घरी दोन-तीनच निऑन आणले, तर ते कोपऱ्यात दडून बसतात, फिके पडतात, धड खात नाहीत. आणि आपण म्हणतो, मासाच नाजूक निघाला! माझ्या दोन फुटी टाकीत बारा आहेत. आठाच्या खाली तर मी कुणालाच घेऊ देत नाही.

पण मासे आणायची घाई नको. सकाळी टाकी भरायची, संध्याकाळी मासे सोडायचे आणि आठवड्याभरात मुलांची तोंडे उतरायची, हे अनेक घरांत घडते. मासे कल्ल्यांतून अमोनिया टाकतात, उरलेले खाणे कुजूनही तो तयार होतो. तो विषारी. त्याचे जिवाणू आधी नायट्राइट करतात (तेही विषारीच) आणि मग बरेच निरुपद्रवी नायट्रेट. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि वाळूत वस्ती करायला चार-सहा आठवडे घेतात. तोवर टाकीत फक्त झाडे ठेवा आणि अधूनमधून चिमूटभर खाद्य टाका, म्हणजे जिवाणूंची सोय होईल.

झाडे खरी हवीत. शाळेच्या प्रयोगात पाहिलेली हायड्रिला किंवा रिबिनीसारख्या पानांची व्हॅलिसनेरिया, दोन्ही आपल्याकडच्याच. त्या अमोनिया शोषतात, आडोसाही देतात. हायड्रिला मात्र भराभर वाढते, छाटत राहावी लागते. दिवा आठ तास पुरे. जास्त ठेवलात तर शेवाळ पोसाल. आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, क्लोरीन काढूनच. बोअरचे जड पाणी निऑनला मानवत नाही.

आणि हो, मध्यरात्री दिवा लावलात तर तो झगझगीत निळा पट्टा विझल्यासारखा दिसेल. घाबरू नका. अंधारात निऑनचा रंग उतरतोच. सकाळी उजेडात थोड्या वेळाने तो पुन्हा चढतो.